आतेच्या गाण्यातली हीरॉईन

माझी नात ऋतुजा अंधेरीला एका ऑफिसात बसून सीरियली लिहिते. एकटी नाही, चारपाच पोरं मिळून लिहितात आणि वरचा कुणीतरी ते सगळं बदलतो. परवा ती तोंड पाडून घरी आली. तिच्या गोष्टीतल्या बाईला एका जुन्या हीरॉईनचं वेड होतं, आणि गोष्टीला नाव दिलेलं त्याच हीरॉईनच्या पिक्चरचं. त्यांचा वकील म्हणाला, खऱ्या माणसाचं नाव नको, जुन्या पिक्चरचं नावही नको, उगाच लफडं होईल.

"वाट लागली यार आजी. म्हणे खोटी हीरॉईन घाला. खोट्या हीरॉईनवर कोण जीव टाकणार?"

मी बोंबील साफ करत होते. म्हटलं, "माझ्या आतेने खरी घातली होती. तिला नाही कुठला वकील आडवा आला."

"कोण आते? रायटर होती?"

"तिला सही करता येत नव्हती."

तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते. मी चौथीपर्यंत शिकले, त्यानंतर डोक्यावर टोपली आली. शुद्धलेखन ऋतुजा बघेल, शब्द माझे राहू दे असं तिला बजावलंय. ती चांगल्या वाक्याला फुलं लावते. मला फुलं केसातच बरी वाटतात.

आमचं घर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात, खाडीकडच्या अंगाला. घरासमोर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत असायचे, एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून जोडीजोडीने. वारा आला की ते हलायचे आणि सुक्या पानांसारखा आवाज व्हायचा. लोकांना तो वास येतो म्हणे. आम्हाला वास नसला की काळजी वाटायची. बाबा मचव्यावर असायचे, आय बंदरावर मासळी घ्यायची, मोठी बहीण यमू घर सांभाळायची. सकाळी तांदळाची भाकरी आणि आदल्या दिवसाचं कालवण. पाणी आटून कालवण घट्ट झालं की त्यात जी आंबट चव उतरते ती ताज्याला नसते. पलीकडे मढला माणसं नेणाऱ्या होडीचा, म्हणजे तरीचा माणूस गिऱ्हाईक गोळा करायला ओरडायचा आणि त्याच्या ओरडण्यावर आमच्या घराचं घड्याळ चालायचं.

आते म्हणजे बाबांची मोठी बहीण. नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायला आली. अंगाने आडवी, आवाज मात्र बारीक आणि लांब जाणारा. ती धवलारीण होती. आमच्याकडे लग्नात धवलारीण गाण्यातून सगळं करते. मांडव घातला की आधी देवांना आवतण, मग घरातल्या गेलेल्या माणसांना, मग जित्या पाहुण्यांना. ज्याचं नाव गाण्यात येईल त्याच्या नावाने सुपात एक विडा ठेवायचा. म्हणजे तो आला. हा क्रम मोडायचा नसतो आणि जिने गाणं सुरू केलं तिनेच लग्न संपेपर्यंत गायचं असतं.

आतेला एक मुलगी होती. यमूच्याच वयाची, दोघी एका पावसाळ्यात जन्मलेल्या. लहानपणीच तापात गेली. मला ती पुसट आठवते. डावरी होती. डाव्या हाताने जेवते म्हणून आजी तिच्या हातावर चापट मारायची आणि ती पुन्हा डावाच हात ताटात घालायची. ती गेल्यावर घरात तिचं नाव कुणी काढत नसे. पितरांच्या आवतणात घरातली गेलेली पोरंही शेवटी येतात. पण आते तिथे पोचली की खोकायची, पाणी प्यायची आणि पुढे जायची. सगळ्यांना माहीत होतं. कुणी बोलत नव्हतं.

देवांचं आणि पितरांचं गाणं जुनं, त्यात अक्षर बदलायचं नाही. पण हळद लावताना बायका तास तास बसतात, तिथे धवलारणीने आपल्या मनाच्या गोष्टी गायच्या असतात. आतेच्या गोष्टी ऐकायला दुसऱ्या गल्लीतल्या बायका पोरं काखेत मारून यायच्या. तिची पद्धत अशी, की अंधेरीच्या थेटरात जो पिक्चर लागला असेल त्याचं नाव उचलायचं आणि गोष्ट आपली सांगायची. पिक्चर तिने बघितलेला नसायचा. पोस्टर वाचायचं काम माझं. टोपल्या घेऊन जाताना ती भिंतीपाशी थांबायची.

"काशे, काय लिवलाय?"

मी वाचायची. ती ते नाव दोनदा तोंडात घोळवायची, सुपारीसारखं. पुढच्या हळदीला त्याच नावाची गोष्ट तयार. बायका नंतर थेटरात जाऊन यायच्या आणि येऊन तक्रार करायच्या, "आतेचा पिक्चर बरा होता. यात तर सासूच नाय." ती नावं मी इथे लिहीत नाही. ऋतुजाचा वकील मला कशाला हवा?

तिच्या सगळ्या गोष्टींत एक हीरॉईन ठरलेली. खरीखुरी. सात बंगल्याजवळ राहायची आणि आमची गिऱ्हाईक होती. तेव्हा तिचे मोठमोठे फोटो लागायचे. तिचंही नाव लिहीत नाही. गाण्यात आते तिला नावानेच हाक मारायची, इथे बाई म्हणते. बाई मूळची घाटावरची, पण बोंबलाची चटक लागलेली. वजन वाढेल म्हणून डॉक्टरने तळलेलं बंद केलेलं, म्हणून मागच्या दाराने आमची टोपली आत जायची. आम्ही तिला कधी गाऊन घातलेली बघायचो, कधी डोक्याला तेल चोपडून बसलेली. पोस्टरवरची ती आणि ही ती, यांचं नाक तेवढं एक होतं.

गाण्यातली बाई निराळीच. ती गाडी सोडून कोळीवाड्यात यायची.

सात बंगल्याची बाय आयली वालूवरी,
चपला हातान, टोपली शिरावरी.

मग ती वाळूवर पडायची, खेकडा तिच्या साडीला धरायचा, ती डाव्या हाताने कोयती धरून सुरमई कापायची, सासूशी भांडायची, रुसून होडीत जाऊन बसायची, होडी सुटायची. बायका हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. कुणाला काही अडलं की म्हणायच्या, "बाईला इचार, ती आतेच्या गाण्यात परवा हेच करत होती." खऱ्या बाईपेक्षा ही बाई आमच्या गल्लीत जास्त ओळखीची होती.

यमूचं लग्न मढला ठरलं. मांडव घातला, दारात केळीचे खांब उभे राहिले, वड्यांचं पीठ भिजलं, सगळीकडे मेथीचा आणि कांद्याचा वास. मढहून नवऱ्याची मावशी आली होती, गोदूमावशी. तिच्या नाकात नथ आणि नजरेत तराजू. मांडवात बसून ती खांबांच्या गाठीसुद्धा तपासत होती.

दुपारी आते आवतणाला बसली. शेजारी आय सूप घेऊन, मी विडे बांधून देत होते. देव झाले. मग आजे, पणजे, आजी, आतेचा नवरा. एकेक नाव, एकेक विडा. यमू हिरवी साडी नेसून पाटावर बसली होती. आते तिच्याकडे बघत होती. शेवटच्या नावाच्या जागी आली. या वेळी ती खोकली नाही. तोंड उघडलं आणि त्या जागी नाव निघालं ते बाईचं. सात बंगल्याच्या बाईचं. सूर तोच, पितरांचा.

आयचा हात विड्यासकट तसाच राहिला.

गोदूमावशी म्हणाली, "जित्या बायला पितरांत बसवलीस?"

"चुकला," आते म्हणाली.

"चुकला कसा? आमची पोरं दर्यावर जातान. असल्या मांडवात आमी हलद आनायची?"

आयने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. गोदूमावशीने चपला घातल्या. पण त्या वेळी निभावलं असतं. बाबांनी तरीपर्यंत सोबत जाऊन तिला थंड केलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आते टोपली घेऊन बंगल्यावर गेलो तर मागच्या दारी स्वयंपाकी म्हणाला, "आज मच्छी नको. काल दुपारी शूटिंगला बाईंचा पाय मोडला."

"दुपारी कवा?"

"जेवणं झाल्यावर."

आते तिथे पायरीवर बसली. दुसऱ्या कुणीही ही गोष्ट पोटात ठेवली असती. आते घरी आली आणि मांडवात उभी राहून सगळ्यांना सांगून मोकळी झाली. आय कपाळावर हात मारून म्हणाली, "वन्सं, निदान लग्न तरी होऊ द्यायचा होता." दुपारच्या तरीने मढहून निरोप आला. दोष निघाल्याशिवाय नवऱ्याची हळद येणार नाही, आणि त्या धवलारणीचं तोंड आम्हाला मांडवात नको. आता गाणं सुरू आतेने केलेलं, दुसरी धवलारीण त्यात बसायला तयार होईना. म्हणजे लग्न मोडल्यातच जमा. यमू एका जागी बसून तांदूळ निवडत होती. निवडलेलेच पुन्हा निवडत होती.

गल्लीतल्या जुन्या बायकांनी तोड सांगितली. जिचं नाव मेलेल्यांत घेतलं तिला त्याच मांडवाची हळद लागली पाहिजे, आणि जित्या हाताची खूण मांडवात आली पाहिजे. सांगायला सोपं. हीरॉईनला हळद लावायला कोण जाणार?

आते उठली. नव्या कोऱ्या फडक्यात हळद बांधली, दुसऱ्या पुडीत तळलेले बोंबील. "काशे, चल."

बंगल्यात पुढच्या दाराने आम्ही पहिल्यांदा गेलो. बाई सोफ्यावर, पाय प्लास्टरमध्ये उशीवर ठेवलेला. चेहरा वैतागलेला.

"मासे नको सांगितलं ना?"

"मासं नाय बाई," आते उभ्यानेच म्हणाली. "मी तुमाला मेलेल्यांत बोलावला. काल. तवाच तुमचा पाय मोडला."

बाई माझ्याकडे बघायला लागली, जणू शहाणी मीच होते. मी जमेल तसं सांगितलं. देव, पितर, विडे, गोदूमावशी. ऐकून बाई आणखीच चिडली.

"माझा पाय तुमच्या गाण्याने मोडला? डायरेक्टरने मोडला माझा पाय! त्याच पायऱ्यांवरून परत परत पळायला लावलं. आणि मला विचारल्याशिवाय माझं नाव गाण्यात घालता कशाला?"

"तुमचा नाव भिंतीवर लिवलेला असतो," आते म्हणाली. "आमाला वाटला, सगल्यांचा हाय."

बाई हसली. मनात नसताना हसली, पण हसली. पुडी सोडून बोंबील खायला लागली. "काय असतं गाण्यात? म्हणा."

"हितं?"

"मग काय थेटरात?"

आते खाली बसली आणि गायला लागली. वाळू, चपला, खेकडा. स्वयंपाकी दारात येऊन उभा राहिला. बाई खेकड्याला खळखळून हसली. मग सुरमई कापायचं आलं, सासूने डाव्या हातावर मारलेली चापट आली, तरी पुन्हा डावाच हात पुढे केला ते आलं. होडी आली. होडी सुटते आणि बाई परत येत नाही, बंदरावरच्या सगळ्या बाया हाका मारतात, तिथे गाणं संपायचं. आमच्या बायका तिथेही हसायच्या, कारण हाका मारायची नक्कल आते फार मजेशीर करायची. त्या दिवशी त्या खोलीत कुणी हसलं नाही.

बाईने बोट चाटायचं थांबवलं. "मावशी, मला पाण्याची भीती वाटते. मी होडीत कधी बसले नाही. आणि मी उजवी आहे, कुठल्याही पिक्चरमध्ये बघा. ही डावरी कोण?"

मी इतकी वर्षं ते गाणं ऐकत होते. पोस्टरं मी वाचत होते. मला कधी विचारावंसं वाटलं नव्हतं.

आते बराच वेळ फडक्याची गाठ सोडत बसली. मग म्हणाली, "माजी पोर."

"मग तिचंच नाव घ्यायचं. माझं कशाला?"

"तुजा घेतला की बाया हसतान. तिजा घेतला तर रडतील. लोकांच्या हलदीला मी रडवू?" आते पहिल्यांदाच बाईला तू म्हणाली. दोघींच्याही ध्यानात आलं नाही.

बाईच्या चेहऱ्यावर मी वाट बघत होते तसलं, पिक्चरमधलं काही आलं नाही. डोकं खाजवलं तिने. मग हात पुढे केला.

"लावा."

आतेने कपाळाला, गालाला, हाताला हळद लावली. बाई हाताकडे बघत म्हणाली, "आमच्या शूटिंगची हळद साबणाने जाते. कितीदा लागली आणि कितीदा धुतली. ही जाईल?"

"चार दिस नाय जानार."

"राहू दे. तोवर माझ्याकडे बघायला कोण येतंय."

मग तिने हळदीचा पंजा फडक्यावर दाबला. आम्ही निघताना मागून म्हणाली, "मावशी, मला गाण्यातून काढू नका हां. वाळूवर बरी वाटते मी."

संध्याकाळच्या आत बाबा तरीने जाऊन गोदूमावशीला घेऊन आले. मांडवात सगळी गल्ली. आयने फडकं उलगडलं. पिवळा पंजा लख्ख उठला होता.

"हात कोनाचाबी असल," गोदूमावशी म्हणाली.

मग वाकली. नथ सावरून नीट बघितलं. पाच बोटांच्या पुढे पाच बारीक लांब टोकं उठली होती, नखांची. तिने मांडवातल्या बायकांच्या हातांवरून नजर फिरवली. आमची सगळ्यांची नखं मासे साफ करून करून बोटाच्या मांसापर्यंत झिजलेली, तिची स्वतःचीसुद्धा.

"कोलनीचा हात नाय," ती म्हणाली आणि पाटावर बसली. "गा. पन पयल्यापासून."

आतेने पहिल्यापासून आवतण धरलं. देव. आजे, पणजे, आजी, नवरा. आणि ती जागा आली. आते थांबली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, सवयीने. तिने तो हाताने बाजूला केला आणि नाव घेतलं. सूर जरा चिरकला, पण नाव स्वच्छ आलं, मांडवाच्या टोकापर्यंत. कितीतरी वर्षांनी ते त्या घरात कुणी मोठ्याने उच्चारलं होतं.

आता सगळ्या रडणार असं मला वाटलं. कुणी रडलं नाही. आयने सुपात विडा ठेवला. तेवढ्यात यमू पाटावरून उठली. नवरीने आवतण चालू असताना उठायचं नसतं. ती सुपाशी आली, तो विडा उचलला आणि डाव्या बाजूला ठेवला. परत जाऊन बसली. गोदूमावशीने ते बघितलं आणि पदराने नाक पुसून दुसरीकडे बघायला लागली. पुढे जित्या पाहुण्यांत बाईचं नाव आलं, तिचा विडा पडला, आणि नवऱ्याची हळद मढहून वेळेवर आली. वडे जरा कडक झाले होते.

त्यानंतरही आते पुष्कळ वर्षं गायली. बाईला दिलेला शब्द तिने पाळला, गाण्यातून काढलं नाही. पण खरं सांगायचं तर त्या गोष्टींत मजा राहिली नाही. बाई गाडीतून यायची, कोळणींना नमस्कार करायची आणि गाडीतून जायची. पडायची नाही, भांडायची नाही, मासळीला हात लावायची नाही. बायका चिडवायच्या, "आते, तुजी हीरॉईन म्हातारी झाली काय गं?" आते म्हणायची, "दमलीय ती. बसू दे तिला."

बंगल्याच्या जागी आता टॉवर आहे. बाई गेली तेव्हा टीव्हीवर दिवसभर तिचे पिक्चर दाखवत होते. मी बघत बसले. सगळीकडे ती उजव्या हातानेच सगळं करत होती.

हे ऐकून ऋतुजा माझ्यासमोर येऊन बसली. "आजी, मला तरी सांग ना, कोण होती ती?"

नाही सांगितलं. तिला नाव होतं, भिंतीभिंतीवर होतं, तिला माझ्या लिहिण्याची गरज नाही. जिचं कुठेच लिहिलेलं नाही तिचं लिहिते, त्याला कुठला वकील नको म्हणणार नाही. आतेच्या मुलीचं नाव मथुरा होतं.